गटाची नाव पाण्यात घालण्याआधी

ताईंनो, शेळी, दालमिल, पापड-कुरडई यांच्या जोडीला आता आपल्या काही गटांच्या उद्योग आराखड्यात नाव दिसू लागली आहे. कोणाला गावचा तलाव ठेक्याने घ्यायचा आहे, कोणाला शिंगाडा काढायला डोंगा पाहिजे, कोणाला पर्यटकांना पाण्यात फिरवून आणायचे आहे. चांगली गोष्ट आहे. पूर्व विदर्भात मालगुजारी तलाव गावोगाव आहेत, धरणांचे बुडीत पाणी आहे, आणि त्या पाण्यावर पोट भरणाऱ्या घरांतल्या बायांनी आजवर मासोळी टोपलीत घालून बाजारात नेली, नाव मात्र फार थोड्यांच्या नावावर झाली.

पण या आराखड्यांत एक गोष्ट सारखी दिसते. पहिल्या ओळीत नाव, दुसऱ्या ओळीत जाळे, मग बर्फाची पेटी, वजनकाटा. लाईफ जॅकेट सगळ्यांत खाली, "इतर खर्च" या रकान्यात. कर्ज थोडे कमी मंजूर झाले की कात्री पहिली त्याच रकान्याला लागते. हा पाठ त्या खालच्या ओळीबद्दल आहे.

"एवढ्याशा तलावात काय होते वं?" असे कोणी म्हणेल. म्हणून आपल्याच भागातले तीन दिवस आठवा. ९ जुलै २०१७ ला नागपूरजवळच्या वेणा जलाशयात फिरायला गेलेल्या तरुणांची नाव उलटली, नावेत ११ जण होते. १४ सप्टेंबर २०२१ ला अमरावती जिल्ह्यात वरुड तालुक्यातल्या झुंज येथे, दशक्रियेसाठी आलेल्या नातेवाइकांची नाव वर्धा नदीत बुडाली, ११ माणसे गेली. आणि २३ जानेवारी २०२४ ला गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरच्या मजूर बाया मिरची तोडायला वैनगंगा पार करत होत्या. नाव उलटली, सहा जणी गेल्या. रोजीला निघालेल्या, आपल्यासारख्याच. यांतल्या एकाही ठिकाणी समुद्र नव्हता.

आधी पाणी कोणाचे ते विचारा

नावेचे दरपत्रक आणण्याआधी हे काम करा. लहान तलाव ग्रामपंचायतीचा असेल, जिल्हा परिषदेचा असेल, मोठे पाणी जलसंपदा विभागाचे असेल, आणि मासेमारीचा ठेका एखाद्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे आधीच असू शकतो. तोतलाडोहचे पाणी पेंच व्याघ्र प्रकल्पात येते, तिथे मासेमारीला बंदी आहे. कागद हातात नसताना नाव घेतली तर नाव दारात आणि हप्ता डोक्यावर, अशी गत होते.

इंजिनाची नाव घ्यायची असेल तर २०२१ चा अंतर्देशीय जलयान अधिनियम लागू होतो. नोंदणी, नावेची तपासणी, विमा, चालवणाऱ्याचे प्रमाणपत्र, हे सगळे लागते. वल्ह्याच्या नावेला एवढे नाही, पण तिचीही नोंद स्थानिक पातळीवर करावी असे तोच कायदा म्हणतो. पर्यटक बसवणार असाल तर परवानगीशिवाय एक फेरीही मारू नका. चुलत नणंदेची पोरे म्हणून फुकट बसवली, तरी ती प्रवासीच.

गावतलावासाठी इंजिन घेऊ नका, असे आमचे स्पष्ट मत आहे. पेट्रोलचा खर्च, दुरुस्तीला तालुक्याला चकरा, आणि इंजिन चालवणारा म्हणून गटाबाहेरचा एक माणूस कायमचा मागे लागतो. सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बाया २०१७ पासून पर्यटकांना कांदळवन दाखवायला नेतात, स्वतः वल्हे मारून. खाडीत वल्ह्यावर भागते तर आपल्या तलावात का भागू नये?

लाकडी डोंगा घ्यावा की फायबरची नाव? लाकडाचा डोंगा जड असतो, दरवर्षी फटी बुजवून डांबर लावावे लागते, पण पाण्याने भरला तरी लाकूड सहसा तरंगते, धरायला आधार राहतो. फायबर हलके, देखभाल कमी. पण फायबर स्वतः तरंगत नाही, पाणी भरले की नाव तळाला जाऊ शकते. म्हणून फायबरच्या नावेत पुढे-मागे किंवा बसायच्या फळीखाली बंद पेट्या असतात, त्यांत फोम किंवा हवा असते. विकणाऱ्याला विचारा, पेटी कुठे आहे? बोटाने ठोकून पाहा. आणि पूर्ण पैसे देण्याआधी नाव कमरेइतक्या पाण्यात नेऊन तुडुंब भरा. भरूनही कड पाण्यावर राहिली तर घ्या. दुकानदार कुरकुर करेल. करू द्या.

जॅकेट: मोजून, मापून, अंगात

नावेत पाच जणी बसणार असतील तर जॅकेटे सहा घ्या, एक जास्तीचे. बाजारात दोन प्रकार दिसतात. पातळ फोमचे, पोहायला शिकणाऱ्यांसाठीचे स्वस्त जॅकेट आपल्या कामाचे नाही. बिल्ल्यावर उचल किती ते लिहिलेले असते. ५० न्यूटनचे जॅकेट पोहता येणाऱ्याला नुसती मदत करते. आपल्याला निदान १०० न्यूटनचे पाहिजे, कारण ते न पोहणाऱ्या बाईचे तोंड पाण्यावर धरून ठेवायला बनवलेले असते. त्याच बिल्ल्यावर किती किलो वजनाच्या माणसासाठी तेही छापलेले असते. गटात ४२ किलोची ताई आहे आणि ७८ किलोचीही आहे, मग सगळी एकाच मापाची जॅकेटे कशी चालतील? दवाखान्यातल्या काट्यावर वजने घ्या, यादी करा, मग मागणी द्या. रंग नारिंगीच, आणि शिट्टी लावलेली.

आता साडीचे बघू. जॅकेट बनवणाऱ्याने साडी धरून जॅकेट बनवलेले नसते. काही जॅकेटांना दोन पायांमधून घ्यायचा पट्टा असतो, तो पाण्यात जॅकेट वर सरकू देत नाही. साडीवर तो लावता येत नाही, म्हणून बाया सोडून देतात आणि पाण्यात पडल्यावर जॅकेट कानापर्यंत वर येते, हनुवटी आत जाते. यावर सरळ उपाय म्हणजे नावेच्या दिवशी सलवार, नाहीतर घट्ट काष्टा. निंदणाला जाताना साडीवर शर्ट घालतोच ना, तसा शर्ट घातला तर पदर आपोआप आत राहतो. साडीच नेसायची असेल तर पदर कमरेला गुंडाळून पक्का खोचा आणि जॅकेट त्याच्यावरून घाला. जॅकेटवरून मोकळा सोडलेला पदर वल्ह्यात, जाळ्यात, कशातही अडकतो. ओल्या निऱ्या पायात गुंतल्या की पोहणारीलाही पाय मारता येत नाहीत. गमबूट नकोत, त्यांत पाणी भरते. चप्पल सहज निघेल अशी.

माप बरोबर आहे का हे पाहायची रीत सोपी आहे. जॅकेटचे सगळे पट्टे लावा आणि दुसऱ्या ताईला दोन्ही खांद्यांकडून ते वर ओढायला सांगा. हनुवटीपर्यंत येत असेल तर ढिले आहे. मग सगळ्यांनी मिळून तलावाच्या काठाला, छातीइतक्या पाण्यात जा. जॅकेट घालून पाय उचला, मान मागे टाका, उताणे तरंगून पाहा. पहिल्यांदा भीती वाटते, हसूही येते. दोन-चार वेळा केले की अंगाला समजते की जॅकेट आपल्याला धरते. हे एकदा अंगात भिनले की पुढे कोणी जॅकेट काढायला धजत नाही. गावची माणसे काठावर बघत उभी राहतील म्हणून हा सराव टाळू नका.

जॅकेट काढायची कारणे ठरलेली आहेत. गरम होते, जाळे ओढताना हात अडतो, केसांना लागते. गरम होते हे खरेच आहे, वैशाखात नागपूरचे ऊन काय असते ते वेगळे सांगायला नको. त्यासाठी काम पहाटे सुरू करून उन्हाच्या आत संपवा. पण बसायला मऊ म्हणून बुडाखाली घेतलेले जॅकेट दोन नुकसाने करते. बाई उघडी राहते, आणि फोम दबून जॅकेटही निकामी होते. पाण्यात पडल्यावर जॅकेट घालता येत नाही. काठावर घालायचे, काठावरच काढायचे.

लाल रेघ

नाव किती माणसांची, हे विकणारा सांगेल. पण तुमच्या जाळ्याचे वजन त्याला माहीत नाही. ओले जाळे कोरड्याहून कितीतरी जड, मासोळी भरलेले क्रेट वेगळे, बर्फ वेगळा. म्हणून आपली क्षमता आपणच ठरवा. उथळ पाण्यात, वारा नसताना, धानाच्या पोत्यांनी नाव भरत जा. एका बाईमागे ६० किलो धरा, जाळे आणि माल वेगळा धरा. नावेची कड पाण्यापासून एक वीतभर वर राहिली की थांबा. त्या ठिकाणी पाणी जिथे लागले तिथे बाहेरून दोन्ही बाजूंना लाल रंगाची रेघ मारा. रेघ पाण्याखाली गेली की एक जण उतरेल, किंवा एक क्रेट उतरेल. वाद नाही.

या रेघेचा मोठा फायदा म्हणजे "नाही" म्हणायचे काम रेघ करते. नाव काठाला लागलेली पाहिली की पाहुणे येतात, सरपंचसाहेबांचे पाहुणे येतात, पोरे येतात, "एकच चक्कर मावशी" म्हणतात. झुंजच्या नावेत क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसली होती, असे तेव्हा बातम्यांत आले होते. बसणाऱ्या प्रत्येकाला आपण एकटेच जास्तीचे आहोत असे वाटत नसते. नावेत उभे राहायचे नाही, आणि फोटोसाठी सगळ्यांनी एका बाजूला झुकायचे नाही, हेही त्यातच आले. जाळे ओढताना एक जण ओढते तेव्हा दुसरीने समोरच्या बाजूला बसून तोल धरायचा.

नावेत नेहमी राहणाऱ्या वस्तू

या महागड्या नाहीत. दोन वल्ही आणि एक जास्तीचे, कारण वल्हे हातातून सुटले की नाव वाऱ्याच्या मर्जीवर. लांब बांबू, उथळ पाण्यात रेटायला आणि पडलेल्या बाईपुढे धरायला. पाणी उपसायला तेलाचा पाच लिटरचा डबा तिरपा कापून घ्या, दोरीने नावेला बांधून ठेवा, नाहीतर नेमका पाहिजे तेव्हा तोच वाहून जातो. लंगर म्हणून जाळीत बांधलेला दगड चालतो. बॅटरी, शिट्टी, धारदार विळी किंवा चाकू. पाय जाळ्यात अडकला तर हाताने सुटत नाही, कापावेच लागते. फोन प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून गळ्यात.

दोराबद्दल जरा सावकाश वाचा. दुकानात दोन्ही दोर सारखेच दिसतात, पण नायलॉनचा दोर पाण्यात बुडतो आणि पॉलिप्रॉपिलीनचा तरंगतो. खुंट्याला बांधायला नायलॉन चांगला. बुडणाऱ्याकडे फेकायला तरंगणाराच पाहिजे. दुकानात बादलीभर पाण्यात तुकडा टाकून पाहा. असा पंधरा मीटर दोर घ्या, टोकाला पाच लिटरची झाकणबंद कॅन बांधा आणि तिच्यात पेलाभर पाणी ठेवा. रिकामी कॅन वाऱ्याने मागे येते, थोडे पाणी असले की नेमकी जाते. कॅन माणसाच्या डोक्यापलीकडे फेकायची आणि दोर त्याच्याजवळ ओढत आणायचा. हा फेकीचा सराव काठावर, अंगणात, कुठेही होतो. पोरींमध्ये स्पर्धा लावा.

हवा, वीज आणि बुडलेली झाडे

धरणाच्या बुडीत क्षेत्रात पाण्याखाली जुनी झाडे, खुंट, विहिरींचे काठ, घरांची जोती राहतात. पाणी उतरले की ती वर दिसतात, थोडे चढले की हातभर खाली लपतात. म्हणून नवी नाव घेतली की पहिले काम उन्हाळ्यात, पाणी कमी असताना पूर्ण काठ पायी फिरून बघणे. गावातल्या जुन्या ढिवर काकांना सोबत घ्या, त्यांना एकेक खुंट ठाऊक असतो. धोक्याच्या जागी बांबू रोवून लाल चिंधी बांधा. धरणाचे दरवाजे आणि सांडवा यांच्याकडे नाव न्यायचीच नाही. पावसाळ्यात पाणी सोडायची वेळ धरणावरच्या कर्मचाऱ्याला फोन करून विचारायची.

चैत्र-वैशाखात आपल्याकडे दुपारनंतर आभाळ अचानक काळे होते, वावटळ सुटते. उघड्या तलावात नाव हीच सगळ्यांत उंच वस्तू असते. गडगडाट ऐकू आला की जाळे तसेच सोडून काठाला यायचे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यात जायचे नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केलेले "दामिनी" ॲप फोनमध्ये घ्या, आपल्या जागेजवळ वीज पडण्याची सूचना ते देते. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा अंदाजही रोज निघतो. सकाळी चहाच्या वेळी एकीने पाहून गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकला की झाले.

कोणी पडले तर

पडलेल्याच्या मागे उडी मारू नका. आई लेकरामागे उडी मारते, बहीण बहिणीमागे, आणि एकाच्या ठिकाणी दोन जातात. आधी बांबू पुढे करा, नाही पोचला तर दोर फेका, तेही नाही तर नाव घेऊन जवळ जा. माणसाला नावेच्या टोकाकडून वर घ्या, बाजूने ओढले तर नाव कलते. नावच उलटली तर तिला सोडून काठाकडे पोहत निघू नका. काठ दिसतो त्याहून लांब असतो. नावेला धरून राहा आणि शिट्टी वाजवा.

बाहेर काढलेल्या माणसाला उलटे टांगणे, गरगर फिरवणे, पोट दाबून पाणी काढणे, हे सगळे आपल्याकडे करतात आणि त्यात मोलाची मिनिटे जातात. श्वास चालत नसेल तर उताणे निजवा, हनुवटी वर करा, नाक दाबून तोंडाने पाच श्वास द्या. मग छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात ३० दाब, पुन्हा दोन श्वास, आणि हे मदत येईपर्यंत चालू ठेवा. एकीने हे करताना दुसरीने १०८ ला फोन लावायचा. वाचून हे हातात येत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना ग्रामसंघाच्या बैठकीला बोलवा आणि बाहुलीवर करून घ्या. शुद्धीवर आलेल्या माणसालाही दवाखान्यात न्याच, फुप्फुसात गेलेले पाणी काही तासांनी त्रास देते.

राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी नागपूरला आहे. पण ती तुमच्या तलावावर पोचेपर्यंत जो वेळ जाईल, तो वेळ तुमच्या दोराचा आणि जॅकेटचा आहे.

इतिवृत्तात काय लिहाल

शेळी एका घरी राहते, नाव गटाची असते. म्हणून ती कोणाचीच न राहण्याची भीती. नाव घेण्याचा ठराव लिहाल त्यातच हे लिहा की त्या-त्या दिवशी नावेची जबाबदारी एका ताईची, नाव फळ्यावर. जॅकेटे मोजणे, लाल रेघ पाहणे, हवा पाहणे तिचे काम, आणि तिने "आज नाही" म्हटले की अध्यक्षांनीही ऐकायचे. त्या दिवसाची मजुरी बुडाली तर गटाच्या निधीतून काही द्यायचे का, तेही आधीच ठरवा. नाहीतर पोटासाठी तीच आधी नावेत बसेल.

पैशाचा हिशेब उलटा मांडून पाहा. समजा तुमच्याकडे ८०,००० रुपये आहेत. (आकडा फक्त उदाहरणाचा, दर तुमच्या बाजारातून आणा.) आधी सहा जॅकेटे, दोर, जास्तीचे वल्हे, बॅटरी यांची रक्कम बाजूला काढा, मग पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीचे काढा, आणि उरलेल्या पैशात जी नाव येते ती घ्या. एक हात लहान आली तरी चालेल. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत महिलांसाठी ६० टक्क्यांपर्यंत अर्थसाहाय्याची तरतूद केलेली आहे. नाव-जाळ्यासाठी सध्या अर्ज घेतात का, हे जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात जाऊन विचारा. त्याच योजनेत मच्छीमारांसाठी गट अपघात विमा आहे. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख रुपये, कायमच्या अंशतः अपंगत्वाला २.५ लाख, दवाखान्याला २५,००० पर्यंत. हप्ता सरकार भरते, पण यादीत नाव असावे लागते. मच्छीमार म्हणून बहुतेक वेळा नवऱ्याचे नाव लागलेले असते. नावेत तुम्ही बसणार, तर नावही तुमचेच पाहिजे.

नावेसाठी एक जाडी वही करा. कोण गेले, किती वाजता, किती वाजता परत, काय तुटले. परत येण्याची वेळ काठावरच्या एकीला सांगून जा. त्या वेळेनंतर अर्धा तास झाला तर ती ११२ लावेल, हेही ठरवून ठेवा. संध्याकाळी जॅकेटे गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा, उन्हात कापड विरते, आणि उंदीर पोचणार नाही असे दोरीवर टांगा. नाव वर ओढून, दगडांवर उपडी, झाडाखाली.